फळीवरची करवत

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मुलीकडे अमेरिकेत, ऑरेगन राज्यात सहा महिने राहण्याचा योग आला. पहिले दोन आठवडे कौतुकात गेले. तिसऱ्या आठवड्यात हात शिवशिवू लागले. माझे सगळे आयुष्य औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत पोरांना पाना आणि कानस धरायला शिकवण्यात गेलेले. अशा माणसाला स्वच्छ घरात नुसते बसवून ठेवणे ही शिक्षाच आहे. एके दिवशी शेजारचे गृहस्थ त्यांच्या गॅरेजची साफसफाई करत होते. वय पंचाहत्तरीच्या पुढचे, माझ्यापेक्षा थोडे मोठेच. मी मदतीला गेलो. सगळ्यात वरच्या फळीवर, जुन्या घोंगडीत गुंडाळलेली एक जड वस्तू होती. ती खाली घेतली, घोंगडी उलगडली, आणि आत निघाली एक चेनसॉ. आपल्या कोकणात जिला नुसते ‘कटर’ म्हणतात, ती साखळीची करवत. पण ही होती १९५० च्या दशकातली. वजन बारा-तेरा किलो सहज असेल. त्यांच्या वडिलांची. वडील जंगलात लाकूडतोडीचे काम करत.

“चालू होईल का हो?” त्यांनी विचारले. मी दोरी हळूच ओढून पाहिली. दट्ट्या हलत होता. म्हटले, बघू.

त्या एका यंत्रामागे लागून पुढचे दोन महिने मी जे वाचले, उघडले, पुसले आणि ऐकले, ते आज तुम्हाला सांगायचे आहे.

साखळीला दात लावून कापायचे ही कल्पना पहिल्यांदा कुणाला सुचली असेल? लाकूडतोड्याला नाही. ती सुचली डॉक्टरांना. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमध्ये जॉन एटकेन आणि जेम्स जेफ्री असे दोन डॉक्टर होऊन गेले. बाळंतपणात मूल अडले, तर आईच्या जघनास्थीचा सांधा मोकळा करण्यासाठी एटकेनने, आणि सडलेले हाड कापून काढण्यासाठी जेफ्रीने, दातेरी बारीक साखळी वापरावी असे सुचवले. घड्याळाच्या साखळीसारखी नाजूक साखळी, दोन्ही टोकांना मुठी, हाडाभोवती घालायची आणि आळीपाळीने ओढायची. भूल देण्याची सोय नव्हती, त्या काळातली ही गोष्ट. अंगावर काटा येतो, पण त्यामागे कारण दयेचेच होते. सरळ पात्याच्या करवतीने आजूबाजूचे मांस फाटे, साखळीने ते वाचे. पुढे १८३० मध्ये जर्मनीतल्या वुर्झबर्गच्या बर्नहार्ड हाइने याने हाड कापण्याचे एक यंत्र केले. लांबट पाते, त्याच्या कडेने फिरणारी दातेरी साखळी, आणि ती फिरवायला दातेरी चाक व हातदांडा. चित्र पाहिले तर आजच्या करवतीची पणजी म्हणून लगेच ओळखू येते. हल्ली लोक एकमेकांना ‘ही करवत बाळंतपणासाठी शोधली’ असे सनसनाटी वाक्य पाठवत असतात. त्यात निम्मे खरे आहे. उरलेले निम्मे म्हणजे मोटर, धूर आणि आवाज. ते सगळे शंभर वर्षांनी आले.

ते आणले जर्मनांनी. आंद्रेआस श्टील नावाच्या अभियंत्याने १९२६ मध्ये श्टुटगार्टला आपला व्यवसाय सुरू केला. त्याचे म्हणणे साधे होते. झाड उचलून करवतीपर्यंत आणण्यापेक्षा करवतच झाडापर्यंत का नेऊ नये? पण त्याची पहिली करवत विजेवर चालणारी. जंगलात वीज कुठून यायची? शिवाय तिचे वजन साठ किलोंच्या वर, उचलायला दोन माणसे. १९२७ मध्ये एमिल लेर्प याने थुरिंगिया प्रांतातल्या डोलमार नावाच्या डोंगरावर आपली पेट्रोलवर चालणारी करवत चालवून दाखवली. तिचे वजन ५८ किलो. डोंगराचेच नाव त्याने कंपनीला दिले. १९२९ मध्ये श्टीलनेही पेट्रोलचे यंत्र काढले, ते ४६ किलोंचे. म्हणजे आपल्याकडचे तांदळाचे जवळजवळ एक पोते, तेही गरम आणि थरथरणारे, दोघांनी दोन टोकांना धरून चढावर न्यायचे. गडीमाणसांना यंत्र आले म्हणून आनंद झाला असेल असे समजू नका. हा श्टील पुढे नाझी पक्षाचा सदस्य झाला आणि युद्धानंतर काही काळ स्थानबद्धतेत राहिला, हेही त्या इतिहासात आहे.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन यंत्रांची आयात थांबली आणि अमेरिका-कॅनडाच्या कारखान्यांना ही विद्या स्वतः शिकावी लागली. होड्यांची इंजिने करणाऱ्या कार्ल कीकहेफरने डिस्टन या करवतीच्या जुन्या कारखान्यासाठी इंजिने बनवली, ती अमेरिकी सैन्याने वापरली. सैन्याला करवत का? रस्ते मोकळे करायला, पूल बांधायला, छावण्या उभारायला.

इंजिन हलके होत चालले, पण साखळी मात्र अडाणीच राहिली. तिचे दात हातकरवतीसारखे होते. ते लाकूड ओरबाडत, भुशाने भरून जात, आणि त्यांना धार लावता लावता दिवस जाई. याचा उलगडा झाला तो नेमका ऑरेगनमध्येच. जो कॉक्स नावाचा एक लाकूडतोड्या १९४६ च्या सुमारास एका खुंटावर सरपण फोडत होता. खुंटात त्याला बोटाएवढी जाड अळी दिसली. लाकूड पोखरणारी. ओले असो वा सुके, सरळ रेषेत असो वा आडवे, अळी लोण्यातून जावे तशी जात होती. कॉक्सने तिचा जबडा निरखून पाहिला. दोन वाकडे जबडे, एक डावीकडे कापतो, एक उजवीकडे. ओरबाडत नाही, तासते. त्याने पोलादात तसाच दात केला, इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखा वळलेला, एक डाव्या अंगाचा, पुढचा उजव्या अंगाचा. १९४७ मध्ये पोर्टलंडच्या आपल्या घराच्या तळघरात त्याने साखळ्या करायला सुरुवात केली. आज जगात कुठेही करवत घ्या, आपल्या चिपळूणच्या बाजारात घ्या, तिच्या साखळीचा दात त्या अळीच्या जबड्याचा वंशज असतो. मला स्वतःला या सगळ्या इतिहासात हा प्रसंग सगळ्यात आवडतो. ती अळी तिथे किती शतके खात बसली असेल, आणि तिच्याकडे बघायला सवड झाली ती फक्त एका लाकूडतोड्याला.

आता वजन. लॉस एंजेलिसचा रॉबर्ट मॅककुलॉक हा इंजिने करणारा श्रीमंत माणूस. १९४८ मध्ये त्याने पहिली करवत काढली, तिचे नाव ५-४९, म्हणजे पाच अश्वशक्ती आणि ४९ पौंड. पुढच्याच वर्षी आली ३-२५, तीन अश्वशक्ती आणि २५ पौंड, साधारण साडेअकरा किलो. आता एक माणूस ती एकट्याने धरू शकत होता. जर्मनीतही १९५० मध्ये श्टीलने एकट्याने चालवायची सोळा किलोंची करवत आणली. याच मॅककुलॉकने १९६८ मध्ये लंडन शहराकडून तिथला जुना लंडन ब्रिज सुमारे साडेचोवीस लाख डॉलरना विकत घेतला, त्याचे दगड सोडवून ॲरिझोनाच्या वाळवंटात नेले, आणि १९७१ मध्ये पुन्हा उभा केला. करवतीच्या पैशातून पूल! त्याची अमेरिकेतली करवतीची कंपनी १९९९ मध्ये दिवाळखोरीत गेली, पूल मात्र अजून उभा आहे.

जुन्या करवती दुरुस्त करणाऱ्यांना असल्या दिवाळखोऱ्यांची तारीख तोंडपाठ असते, कारण त्या दिवसापासून सुटे भाग मिळणे बंद होते. मग एका मेलेल्या यंत्राचे अवयव काढून दुसऱ्याला लावायचे. शेजाऱ्यांची करवत कोणत्या कंपनीची होती ते मी सांगणार नाही. तिच्याबद्दल पुढे जे सांगायचे आहे त्यात त्या कंपनीला गोवणे बरे दिसणार नाही.

दुरुस्तीला सुरुवात केली ती दोरी न ओढता. वर्षानुवर्षे पडून राहिलेले इंजिन जोराने फिरवले तर आत धरलेला गंज सिलिंडरला ओरखडे काढतो. म्हणून आधी स्पार्क प्लग काढायचा, दोन-चार थेंब तेल आत सोडायचे, आणि रात्रभर थांबायचे. मफलर खोलला तर त्यात कुंभारमाशीने मातीचे घर केलेले. त्यामागच्या भोकातून बॅटरीच्या उजेडात दट्ट्या पाहिला. उभे ओरखडे नव्हते. मी शेजाऱ्यांना सांगितले, “जीव आहे.”

ठिणगी नव्हती. आपल्यापैकी ज्यांनी जुनी स्कूटर किंवा लुना चालवली आहे, त्यांना पॉइंट म्हणजे काय हे सांगायला नको. पावसाळ्यात गाडी रुसली की मेकॅनिक चाकामागे हात घालून पॉइंट घासायचा, कधी काडेपेटीच्या गुलाच्या बाजूनेही. इथेही तेच. मॅग्नेटोच्या चाकाखाली दोन बारीक संपर्कबिंदू असतात. ते उघडले की वीजप्रवाह तुटतो आणि त्याच क्षणी कॉइलमधून प्लगकडे ठिणगी जाते. पडून राहिल्याने त्या बिंदूंवर राखाडी साय धरली होती. घासले, कोऱ्या पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून पुसले, फट पातळ पट्टीने मोजून लावली. प्लग सिलिंडरला टेकवून दोरी ओढली, आणि निळी ठिणगी पडली. साठ-पासष्ट वर्षांच्या यंत्रात बाहेरून काहीही न घेता वीज निर्माण होताना पाहिली की माझ्यासारख्याला अजूनही आनंद होतो. आजकालच्या यंत्रात तिथे एक बंद काळा डबा असतो. बिघडला की टाका आणि नवा आणा.

खरी मेख असते कार्ब्युरेटरमध्ये. स्कूटर सुरू होत नसली की आपण ती एका अंगावर कलती करायचो. तसे का करत होतो? कारण त्या कार्ब्युरेटरमध्ये पाण्याच्या टाकीत असतो तसा एक फुगा असतो. कलती केली की पेट्रोलची पातळी बदलते. स्कूटरला हे चालते, पण करवतीचे काय? झाड पाडताना ती आडवी धरावी लागते, फांदी छाटताना उलटीसुद्धा. फुग्याचा कार्ब्युरेटर अशा वेळी एक तर बुडतो नाही तर उपाशी राहतो. जुन्या दोन माणसांच्या करवतींत यावर उपाय असा होता की इंजिन उभेच ठेवायचे आणि पाते तेवढे फिरवायचे. मग फुग्याऐवजी आला पातळ पडदा. इंजिनाच्या पोटात दट्ट्याच्या हालचालीने जो दाब वरखाली होतो, त्याच्या ठोक्यावर हा पडदा धडधडतो आणि पेट्रोल ओढून घेतो. यंत्र कसेही धरा, पुरवठा चालू. एका माणसाच्या करवतीला जंगल मोकळे झाले ते अश्वशक्तीइतकेच या टिचभर पडद्यामुळे.

आमच्या करवतीतला पडदा भाजलेल्या पापडासारखा झाला होता. हात लावताच मोडला. त्याचा संच सुदैवाने अजून नवा मिळतो. पेट्रोलची नळी चिकट झालेली, तीही बदलली. तिकडच्या पेट्रोलमध्ये सर्रास दहा टक्के इथेनॉल असते. आपल्याकडे आता वीस टक्क्यांपर्यंत मजल गेली आहे. पन्नासच्या दशकातल्या रबराला हे पेय सोसत नाही. त्यामुळे जुन्या यंत्रात बिनइथेनॉलचे पेट्रोल घालायचे, आणि काम संपले की टाकी रिकामी करायची. तेलाचे प्रमाणही तेव्हाचे वेगळे. आज पन्नास भाग पेट्रोलला एक भाग तेल घालतात, त्या काळी सोळा किंवा वीस भागांना एक असे साधे जाड तेल घालत. धूर अर्थातच भरपूर.

इतके करूनही ती दोन मिनिटे चालून सुसाट सुटे आणि बंद पडे. नवशिक्याला वाटते, वा, काय पळते आहे! पण टू-स्ट्रोक इंजिनाला तेल मिळते ते पेट्रोलमधूनच. कुठून तरी फुकटची हवा आत शिरली की पेट्रोल कमी पडते, म्हणजे तेलही कमी पडते. आवाज चढा आणि सुरेल होतो, आणि त्या सुरातच दट्ट्या जळतो. दोष निघाला दांड्याच्या टोकाच्या रबरी सीलमध्ये. ते बदलल्यावर कार्ब्युरेटरचा स्क्रू कानाने लावला. भार नसताना आवाज किंचित अडखळता हवा आणि लाकडात घातल्यावर स्वच्छ. हे पुस्तकात वाचून येत नाही. माझ्या विद्यार्थ्यांनाही ते मी शेवटच्या महिन्यात शिकवीत असे.

साखळी नवी घेतली, तरी तिला धार कशी ठेवायची ते शेजाऱ्यांनी मला दाखवले. वडिलांकडून त्यांना तेवढे आले होते. गोल कानस, प्रत्येक दातावर सारखेच हात, नेहमी आतून बाहेर. प्रत्येक दातापुढे एक छोटा उंचवटा असतो. दात किती खोल चावणार ते तो ठरवतो. उतावळा माणूस तो उंचवटा जास्त घासतो, आणि मग करवत चावण्याऐवजी उसळते. धार बरोबर असेल तर लाकडाचे जाड कीस पडतात. पिठासारखा भुसा पडू लागला की थांबायचे आणि पुन्हा कानस घ्यायची. २०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळाने दिवेआगर-दापोलीकडच्या वाड्या आडव्या केल्या, तेव्हा मी गावी होतो. रस्त्यावरचे माड कापणाऱ्या पोरांच्या करवतीतून दुपारपर्यंत पीठच पडत होते. माडाचे खोड तंतूंचे, त्यात वाळू चिकटलेली, साखळी लगेच बोथट होते. कानस कुणाकडेच नव्हती. सगळे जोर लावत होते आणि यंत्राला शिव्या देत होते.

झाडे कापण्याच्या यंत्राचे हा माणूस एवढे कौतुक का करतो आहे, असे काही जणांच्या मनात आले असेल. रास्त आहे. झाड तोडायला लागणारा वेळ आणि घाम हे एके काळी झाडाचे एक संरक्षणच होते. ते या यंत्राने काढून घेतले. ब्राझीलच्या रबर गोळा करणाऱ्या मजुरांना जंगल वाचवण्यासाठी करवतवाल्यांपुढे हातात हात घालून उभे राहावे लागले, आणि त्यांचा पुढारी चिको मेंडिस याचा २२ डिसेंबर १९८८ रोजी खून झाला. हा हिशेब यंत्राच्या खात्यावर मांडलाच पाहिजे. पण याच खात्यावर आणखी एक रक्कम आहे, ती फारशी कुणी मांडत नाही.

करवत सुरू झाली त्या दिवशी मला वाटले होते, शेजारी खूश होतील. ते खूश झालेही. पण पाच मिनिटांनी त्यांनी हात वर करून मला ती बंद करायला सांगितली. माझ्या बोटांकडे पाहिले. विचारले, “मुंग्या येतात?” येत होत्या. मग त्यांनी सांगितले, वडिलांची बोटे शेवटची पंधरा वर्षे थंडीत पांढरी पडत. मेणबत्तीसारखी. सकाळी सदऱ्याची बटणे लावता येत नसत, ती आई लावून देई. लहानपणी त्यांना वाटे, सगळ्यांच्याच घरी असे असते.

हा आजार नवा नव्हता. हवेच्या दाबाच्या हातोड्यांनी दगड फोडणाऱ्या इंडियाना राज्यातल्या कामगारांची पांढरी पडणारी बोटे डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी १९१८ मध्येच तपासून नोंदवली होती. सततच्या कंपनाने बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, नसा मरतात. पण करवतीत इंजिन आणि मूठ एकाच धातूच्या सांगाड्यात होती. दट्ट्याचा प्रत्येक ठोका थेट मनगटात. जपानमध्ये १९५४ च्या मोठ्या तुफानात होक्काइदोची जंगले कोसळली. ती उचलायला करवती आल्या, आणि दहा वर्षांत सरकारी जंगलांतल्या कामगारांची बोटे पांढरी पडू लागली. तिकडे त्याला मेणासारख्या पांढऱ्या रंगावरून नाव पडले. १९६५ मध्ये जपानी दूरचित्रवाणीने ती बोटे देशाला दाखवली, आणि पुढे दिवसाला दोनच तास करवत चालवावी अशी मर्यादा आली. त्याच सुमारास कारखाने मुठी आणि इंजिन यांच्यामध्ये रबर घालू लागले. स्वीडनच्या हुस्कवार्नाने १९६९ मध्ये तशी करवत आणली. ७० च्या दशकात उसळलेली साखळी क्षणात थांबवणारा ब्रेकही आला.

पण रबर घातले म्हणून प्रश्न सुटला नाही. कामगाराला पैसे मिळत ते कापलेल्या लाकडावर, तासावर नाही. करवतही बऱ्याच ठिकाणी त्याची स्वतःची. मुंग्या आल्या म्हणून तो थांबेल कसा? स्वीडनच्या जंगल कामगारांनी १९७५ मध्ये संप केला, तो याच कारणाने, लाकडाच्या मापावर नको, महिन्याचा पगार द्या म्हणून. शेजाऱ्यांच्या वडिलांनी असा संप कधी पाहिला नाही. त्यांनी दोन करवती झिजवल्या, आणि तिसरी ही, फळीवरची.

या करवतीला ना रबर आहे, ना ब्रेक. तेव्हा आम्ही नियम केले. उभ्या झाडाला लावायची नाही. पात्याचे टोक लाकडाला टेकवायचे नाही, कारण टोकाच्या वरच्या कोपऱ्याने लाकूड पकडले की पाते उलटे तोंडावर येते. मांडीवर जाड तंतूंचे संरक्षक कापड, डोक्याला टोप, कानांवर आवाज अडवणारे गोळे. आणि घड्याळ लावून सात मिनिटे. वादळात पडलेला फरचा एक ओंडका त्यांच्या परसात होता. त्याचे सरपण आम्ही आठवड्याभरात केले, रोज सात मिनिटे. साखळीला तेल घालायला तिच्या मुठीजवळ अंगठ्याने दाबायचे एक बटण आहे. कापताना दर थोड्या वेळाने ते दाबत राहावे लागते. पितळेच्या त्या बटणाला मध्येच एक खोलगट जागा आहे, अंगठ्याच्या आकाराची. माझा अंगठा तिथे बसत नव्हता, त्यांचा नेमका बसला.

मी निघायच्या आदल्या दिवशी आम्ही टाकी रिकामी केली, उरलेले पेट्रोल जळून ती आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवली, प्लगच्या भोकातून तेलाचे चार थेंब सोडले. त्यांनी घोंगडी झटकली, करवत गुंडाळली आणि शिडीवर चढून फळीवर ठेवली. मी खालून शिडी धरली होती.